सोडण्यासाठी ठेवलेली मागणी

मागणीपत्र कसं लिहायचं हे मी आमच्या विमा कंपनीच्या युनियनमध्ये शिकले. आमचे तेव्हाचे सरचिटणीस सांगायचे, हवं तेवढंच लिहिलं तर हातात निम्मं येतं. म्हणून थोडं जास्तीचं लिहायचं आणि टेबलावर बसलं की ते जास्तीचं मोठ्या मनाने सोडायचं. समोरच्या माणसालाही त्याच्या साहेबाला जाऊन सांगावं लागतं की मी अमुक नाकारलं. त्याला नाकारायला काहीतरी आपणच द्यायचं. कोणती मागणी सोडायची आहे हे फक्त बोलणी करणाऱ्यांना ठाऊक असायचं. बाकी सभासदांना सांगायचं नाही, कारण टेबलावर एखाद्याचा चेहरा बोलून जातो.

यात मला कधी काही गैर वाटलं नाही. कँटीनचं नवं फर्निचर, सासू-सासऱ्यांनाही प्रवासभत्ता, असलं काहीबाही आम्ही लिहायचो, सोडायचो आणि पगारवाढ घेऊन यायचो. फर्निचर ज्यांचं गेलं त्यांचाच पगार वाढायचा. त्यामुळे रडायला कोणी नसायचं. माझा हात या कामात चांगला बसला. मी टेबलावर उसासा इतका खरा टाकते की समोरच्याला माझी दया येते, असं आमच्यातले लोक म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

परळची खोली विकून आम्ही मिरा रोडला सिल्व्हर पार्कात आलो त्याला आता खूप वर्षं झाली. मुलं मोठी झाली, ऑफिसातल्या युनियनमध्ये नवी माणसं आली आणि माझे रविवार रिकामे झाले. तेवढ्यात इथल्या कामगार संघटनांनी मिळून एक समिती काढली. पालिकेत तेव्हा नगरसेवक नव्हते, कारभार प्रशासक बघत होते आणि निवडणूक आज लागते की उद्या अशी हवा होती. अशा वेळी अधिकारी जरा ऐकून घेतात आणि उमेदवार तर चहा पाजून ऐकतात. कंत्राटी सफाई कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले आणि आमच्यासारखे थोडे ऑफिसवाले असे सगळे पूनम सागरमधल्या एका शिकवणीवर्गाच्या खोलीत जमायचो. लिहायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. बोलणी करायलाही मीच जावं असं ठरलं.

भाईंदरच्या जुन्या भागात एक छोटं मासळी मार्केट आहे. तिथल्या विकणाऱ्या बायांची संघटना सगळ्यात शेवटी समितीत आली. त्यांच्या वतीने यायच्या त्या साठीच्या मावशी. ठेंगण्या, कानात जाड सोनं, आवाज मार्केटात तयार झालेला. पहिल्याच रविवारी त्यांनी उभं राहून सांगितलं.

"मार्केटच्या मागं एक संडास हाय. दार न्हाय, नळ न्हाय. बाप्यांचं चालतं. आमी बाया सकाळपासून पाणी पित न्हाय. दुपारी घरी जाईपर्यंत तसंच बसताव."

रिक्षावाल्यांचा पुढारी हसला. "काय मावशी, दिवसभर पाण्यातल्या मासळीशी धंदा आणि तुम्ही बिनपाण्याच्या?"

"हस तू," मावशी म्हणाल्या. "तुजी रिक्षा कंच्याबी भिताडाला थांबते."

खोलीभर हशा पिकला आणि तो पुढारी खाली बघत बसला.

बैठक संपल्यावर मावशींनी मला बाजूला घेऊन बाकीचं सांगितलं. लघवी अडवून अडवून त्यांना दोनदा संसर्ग झाला होता, डॉक्टरने आता हे चालणार नाही म्हणून बजावलं होतं. मार्केटात शिरल्याबरोबर समोर येते ती त्यांची जागा, सासूकडून त्यांना आलेली. आता ती सुनेला द्यायची. सून बारावी झालेली, चटपटीत, गिऱ्हाइकाशी हिंदी-गुजराती दोन्ही बोलणारी. थोडे दिवस ती बसलीही. मग म्हणाली, दार लागू दे, नळ येऊ दे, दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन येते. तोपर्यंत नाही.

"तिचं काय चुकलं?" मावशी म्हणाल्या. "पण जागा रिकामी ऱ्हायली का दुसरी येऊन बसते. दोन-चार महिने बसली का मंग ती तिचीच. उठवायची तर भांडण. माजं अंग हाय तवर मी धरून ठेवीन."

मी म्हटलं, "बघू मावशी, मुद्दा घेतलाय."

मागणीपत्र लिहायला बसले तेव्हा मुख्य मागणी कोणती याबद्दल शंका नव्हती. सफाईचं कंत्राट बदललं की नवा कंत्राटदार जुन्या बायांना काढून टाकायचा. वर्षानुवर्षं गटारं उपसलेल्या बाया पुन्हा नव्याने त्याच्या मुकादमापुढे हात जोडून उभ्या. ते थांबवायचं होतं. कंत्राट बदललं तरी माणसं तीच राहतील, असं लेखी हवं होतं. एवढं मोठं मिळवायचं तर सोडायलाही काहीतरी वजनदार लागणार. मी सगळ्या मुद्द्यांवरून नजर फिरवली. घरकामवाल्या बायांचे मुद्दे आधीच लहान होते. रिक्षावाल्यांचा मुद्दा पालिकेच्या हातातला नव्हता. मग मी मासळी मार्केट घेतलं आणि ते फुगवलं. दार आणि नळ सोडायचा तर त्याला कोण काय किंमत देणार? म्हणून मी लिहिलं, मासळी मार्केटचे संपूर्ण नूतनीकरण, नवे ओटे, शीतगृह, सांडपाण्याची व्यवस्था आणि महिलांसाठी स्वच्छतागृह.

सफाई कामगारांच्या अध्यक्षांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली. त्यांना कळलं होतं. तेही टेबलावर बसलेले गृहस्थ आहेत.

मावशींनी मला तो परिच्छेद मोठ्याने वाचायला लावला. "शीतगृह म्हंजे बर्फाची खोली?" त्यांनी विचारलं. "बाय, मी दार नि नळ मागितला, तुमी राजवाडा लिवला."

"मागायचं तर मोठं मागावं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. पुढच्या रविवारी माझ्यासाठी डब्यात साफ केलेले बोंबील घेऊन आल्या. आम्ही ते घरी तळून खाल्ले. चांगले होते.

पालिकेत शिष्टमंडळ गेलं त्या दिवशी बाहेर आमचे जे लोक जमले होते त्यातल्या निम्म्या तरी मासळीवाल्या बाया होत्या. त्यांनी त्या दिवशी मार्केट बंद ठेवलं होतं. सफाई कामगारांना रजा कोण देणार? घरकामवाल्या बायांचीही तीच गत. गर्दी दिसली ती मावशींच्या बायांची. नऊवारी, डोक्यात अबोली, आणि घोषणा देताना इतका आवाज की वरच्या खिडक्यांतून कर्मचारी डोकावत होते. मावशी शिष्टमंडळात होत्या. कडेच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

अधिकाऱ्यांनी पत्र चाळलं आणि अपेक्षेप्रमाणे मार्केटवर बोट ठेवलं.

"ताई, हे फार मोठं प्रकरण आहे. निधी, जागा, आराखडा. हे मी आज कसं सांगू?"

मी पत्राकडे बघितलं. मग उसासा टाकला. "ठीक आहे, साहेब. मार्केटचं पुढच्या टप्प्यात घेऊ. पण मग सफाई कामगारांचं मला आज लेखी हवं."

साहेबांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. अर्ध्या तासात टिपण तयार झालं. ती बोलणी मी केलेल्या बोलण्यांमधली सगळ्यात चांगली होती, असं मला त्या वेळी वाटलं, आणि कौशल्याचंच बोलायचं तर ते आजही खरं आहे. माझी नजर त्या सगळ्या वेळात एकदाही कडेच्या खुर्चीकडे गेली नाही. जाऊ नये अशीच सवय आहे.

खाली पेढे वाटले गेले. सफाईवाल्या बायांपैकी जी आली होती ती माझ्या गळ्यात पडली. मावशींनीही पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा पदराला बांधला आणि माझ्याजवळ आल्या.

"आमचा मुद्दा वर जाताना संगट व्हता," त्या म्हणाल्या. "खाली येताना दिसला न्हाय."

"पुढच्या टप्प्यात आहे, मावशी."

"म्हंजे कवा?"

"निवडणुकीनंतर."

"कंच्या?"

आजूबाजूच्या बाया हसल्या, मीही हसले. मावशी हसल्या नाहीत. रिक्षा थांबवून त्यात बसल्या आणि गेल्या.

सफाई कामगार बायांना जे मिळालं त्याचा मला पश्चात्ताप नाही. ते मिळवायलाच हवं होतं. मला बोचत होतं ते वेगळं. ऑफिसात सोडणारे आणि मिळवणारे एकच होते. इथे एकीचं सोडून दुसरीला दिलं होतं, आणि जिचं सोडलं तिला विचारलं नव्हतं. उलट तिच्याच बायांची गर्दी जमवून तिचाच मुद्दा विकला होता. इतकी वर्षं वापरलेली पद्धत मी जशीच्या तशी उचलून आणली होती आणि टेबलाच्या आपल्या बाजूला आता वेगवेगळ्या घरची माणसं बसली आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लक्षात आलं नव्हतं, हेही पूर्ण खरं नाही. मी मुद्दे निवडत होते तेव्हा कोणाचा आवाज समितीत सगळ्यात नवा आहे, हे मला बरोबर ठाऊक होतं.

मी स्वतःशी म्हटलं, रडत बसण्यात अर्थ नाही, दार आणि नळ आहे, बसवून टाकू. ऑफिसला अर्धी सुट्टी टाकून मी प्रभाग कार्यालयात गेले. तिथला अभियंता तरुण होता, सभ्य होता. मी विषय काढल्यावर त्याने मान डोलावली.

"मॅडम, दार आणि नळ काय, तुम्ही आधी आला असतात तर दुरुस्तीच्या कामात बसवून टाकलं असतं. माझ्या पातळीवरचं काम आहे. पण आता मार्केटचा विषय वरून आलाय. नूतनीकरण विचाराधीन असताना मी तिथे किरकोळ खर्च करू शकत नाही. उद्या कोणी विचारलं, पाडायच्या इमारतीला दार का लावलं, तर मी काय सांगू?"

"नूतनीकरण करणार आहेत का खरंच?"

"ते कुठलं होतंय? पण विषय आहे ना."

"आणि विषय आणला कोणी?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

तो जरा अवघडला. "तुमच्याच समितीने, मॅडम."

म्हणजे मी ती मागणी नुसती सोडली नव्हती. ती मी फुगवली नसती, लिहिलीच नसती, एकटी जाऊन या पोराला सांगितलं असतं, तर दार लागलं असतं. माझ्या राजवाड्याने दाराची वाट अडवली होती.

मी विचारलं, मार्ग काय? तो म्हणाला, समितीने लेखी द्यायचं की नूतनीकरणाची मागणी मागे घेतो आणि फक्त दुरुस्ती मागतो. सोपं होतं. पण समितीने ठराव करायचा तर समितीला कारण सांगावं लागणार.

सफाई कामगारांचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, "ताई, तांत्रिक कारण सांगून टाका. एवढं उघडं कशाला करताय? उद्या घरकामवाल्या विचारतील, आमचं काय काय असं झालं. पुढच्या वेळी कोणी लिहू देणार नाही तुम्हाला."

मला तांत्रिक कारण सांगायचं नव्हतं आणि खरं कारण सांगायला जीभ रेटत नव्हती. तेवढ्यात निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली. आता कोणतंही काम सुरू होणारच नाही, मग घाई कसली, असं मी ठरवलं. ते खरंच होतं. म्हणून तर त्याच्या आड लपणं इतकं सोयीचं झालं. एक रविवार गेला, दुसरा गेला, मग मी मोजणं सोडलं. उमेदवार आमच्या खोलीत येऊन बसायचे, सगळ्या मागण्यांना हो म्हणायचे, शीतगृहालाही. मावशी त्या बैठकांना आल्या नाहीत. मी फोन केला नाही.

शेवटी मी सांगितलं, ते एका रविवारी बाकीचे विषय संपल्यावर. उभं राहून, जे केलं ते जसंच्या तसं. मावशी तेव्हाही नव्हत्या. खोलीत कोणी आवाज चढवला नाही. घरकामवाल्या बायांची पुढारीण, जिच्याशी आम्ही सगळे हिंदीत बोलतो, तिने एवढंच विचारलं, "दीदी, उसमें हमारा कौन सा था?"

"तुम्हारा नहीं था," मी म्हटलं.

"इस बार नहीं," ती म्हणाली आणि पिशवी उचलून निघाली.

ठराव झाला. पत्र गेलं. निवडणूक उरकल्यावर अभियंत्याने शब्द पाळला. दार, कडी, नळ, वर टाकी. एका सकाळचं काम. त्याने मला फोटो पाठवला. पत्र्याचं निळं दार, बाजूला वाळूचा ढीग अजून तसाच पडलेला.

मी मार्केटात गेले. मुद्दाम बाजाराच्या वेळी गेले, म्हणजे मावशी भेटतील. शिरल्याबरोबर समोरच्या जागेवर दुसरीच बाई बसली होती. तरुण होती, पापलेटं मांडलेली, मला "या ताई, ताजी हायत" म्हणाली. मी मावशींचं विचारलं.

"त्या येत न्हाय आता. लय आजारी व्हत्या. मी बसताव तवापासून."

"त्या बऱ्या झाल्यावर परत येणार असतील ना?"

ती पापलेटांवर पाणी शिंपडत राहिली. "मी कुणाला उठवून बसले न्हाय, ताई. जागा रिकामी व्हती." तिचं बरोबरच होतं. मी पापलेटं घेतली, कारण न घेता तिथून निघणं वाईट दिसलं असतं, आणि पत्ता विचारत मावशींच्या घरी गेले.

मावशी ओट्यावर बसून सुक्या कोळंबीचे सोडे निवडत होत्या. बारीक झाल्या होत्या, सोनं कानात आधीपेक्षा मोठं दिसत होतं. मला बघून म्हणाल्या, "या बाय. मासळी घेऊन माज्या घरी आलाव? कुणाकडून घेतली?"

मी सांगितलं. त्यांनी पिशवी उघडून माशाचे कल्ले बघितले. "फसवली न्हाय तुमाला," त्या म्हणाल्या.

मग मी सगळं सांगितलं. मागणी का फुगवली, का सोडली, अभियंता काय म्हणाला, आणि त्यानंतर मी कितीतरी रविवार गप्प बसले तेही. त्यांनी मधे थांबवलं नाही. सोडे निवडत राहिल्या.

"दार झालं ते बरं झालं," शेवटी त्या म्हणाल्या. "बाकीच्या बायांना व्हईल."

"जागेचं मी बघू का? संघटनेकडून त्या बाईशी बोलता येईल."

"तिला उठवाल? तिचा नवरा पडून हाय. तुमी नका कुणाला उठवू."

मग त्याच म्हणाल्या, "सून आता पॅकिंगच्या कंपनीत जाते, पूर्वेला. पगार हाय, सुट्टी हाय. पण तिथं संडासची चावी सुपरवायझरकडं. मागावी लागते. तो चार माणसांत विचारतो, आता कशाला? परत तेच. दार न्हाय म्हणून जागा सोडली नि दार हाय तिथं कुलूप. तुमच्या समितीत तिचं घ्याल?"

पूर्वी मी अशा वेळी वही काढली असती.

तेवढ्यात सून आली. पाठीवर सॅक, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मला तिने ओळखलं, मोर्चाच्या दिवशी ती खाली उभी होती. आमचं काय चाललंय ते तिला कळलं आणि ती सासूला म्हणाली, "लगेच सांगितलंत पण?" मग चप्पल काढून ओट्याच्या कडेला बसली.

"मालकाशी बोलायला कोण बसणार?" तिने मला विचारलं. "तुम्ही?"

"नाही. तुमच्यातल्याच कोणीतरी. मी बाहेर थांबेन."

"बाहेर आम्ही थांबलो होतो त्या दिवशी," ती म्हणाली. "वर काय चाललंय ते कळत नाही बाहेर."

मावशी म्हणाल्या, "अगं, नीट बोल."

"नीटच बोलतेय. मॅडम, माझी नोकरी गेली तर आता मार्केटची जागाही नाही. मी आधी बाकीच्या मुलींना विचारते. किती जणी तयार आहेत, काय मागायचं, काय नाही, ते आमचं आम्ही ठरवतो. तोवर तुम्ही काही लिहू नका."

"नाही लिहीत," मी म्हटलं.

तिने माझा नंबर घेतला. मावशींनी ती पापलेटं तिथेच साफ करून दिली आणि मी घरी आले. त्याला आता बरेच आठवडे झाले. समितीची बैठक दर रविवारी होते, मी जाते, मागच्या बाकावर बसते. लिहायचं काम आता घरकामवाल्यांची पुढारीण आणि एक रिक्षावाला मिळून करतात, हळू करतात, प्रत्येक ओळ सगळ्यांना वाचून दाखवतात आणि बैठक लांबते. सुनेचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही. तिने सांगितलं आहे तसं थांबले आहे, आणि हे थांबणं तिचा शब्द राखणं आहे की माझं पुन्हा एकदा गप्प बसणं, हे मला नक्की सांगता येत नाही.